सात किलोंत काय काय बसतं

सात किलो म्हणजे किती, हे आपल्यापैकी बहुतेकांना आता नुसत्या हातानं कळतं. सुट्टीला घरी जायच्या आदल्या रात्री घरोघरी एकच विधी चालतो. आधी आपण वजनकाट्यावर उभं राहायचं, मग बॅग कवटाळून उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. आकडा मनासारखा आला नाही तर काटा दुसऱ्या फरशीवर ठेवून पाहायचा. तरीही नाही आला तर जाडजूड जीन्स अंगावर घालून निघायचं ठरवायचं. आमच्या घरी बाबा हे सगळं झाल्यावर बॅग एका हातानं उचलून पाहतात आणि म्हणतात, "सहा आठशे." बँकेत पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा अंदाज सहसा शंभर ग्रॅमपलीकडे चुकत नाही.

स्वस्त विमानांच्या या नियमावर आपण सगळेच वैतागतो, पण त्यामागचं गणित साधं आहे. आपल्याकडच्या देशांतर्गत प्रवासात हातातली एक बॅग, वजन सात किलो, आणि माप साधारण 55 × 35 × 25 सेंटिमीटर. विमानात 186 जागा असतील आणि प्रत्येकानं "तीनच किलो तर जास्त आहे" म्हणत पाऊल टाकलं, तर 558 किलो वाढले. ते वाहायला इंधन लागतं. शिवाय डोक्यावरच्या कप्प्यांत तेवढी जागा नसते, मग बॅगा कोंबण्यात वेळ जातो, आणि स्वस्त विमान कंपनीचा सगळा धंदा विमान जमिनीवर कमीत कमी वेळ उभं ठेवण्यावर चालतो. अर्थात हिशेबाची दुसरी बाजूही आहे. तिकीट स्वस्त दाखवायचं आणि सामानाचे पैसे वेगळे घ्यायचे. अमेरिकेत स्पिरिट या कंपनीनं 2010 मध्ये चक्क केबिन बॅगेचेही पैसे घ्यायला सुरुवात केली. युरोपात हा वाद कोर्टात गेला. 2014 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वाजवी मापाचं, वाजवी वजनाचं हातातलं सामान हा प्रवासाचाच आवश्यक भाग आहे, त्याचे वेगळे पैसे लावता येणार नाहीत. मग 'वाजवी' म्हणजे किती, यावर पुढची भांडणं सुरू झाली, ती अजून चालू आहेत.

इंजिनिअरिंगला असताना आम्हाला 'नॅपसॅक प्रॉब्लेम' नावाचं एक प्रकरण होतं. कॉम्प्युटरवाल्या मंडळींना ते परीक्षेच्या आठवणीसकट आठवेल. एक पाठपिशवी आहे, ती ठरावीक वजनच पेलते. समोर बऱ्याच वस्तू आहेत. प्रत्येकीचं वजन ठाऊक आहे, किंमतही ठाऊक आहे. एकूण किंमत जास्तीत जास्त होईल अशा वस्तू पिशवीत भरा. त्याचे दोन प्रकार. एकात वस्तू घ्यायची तर अख्खी, नाहीतर नाहीच; तो झिरो-वन. दुसऱ्यात वस्तूचा तुकडाही घेता येतो, तो फ्रॅक्शनल. दहा मार्कांचा हमखास प्रश्न. त्यात वजन आणि किंमत हे दोन्ही रकाने छापूनच दिलेले असतात, आपण फक्त गणित करायचं. घरच्या बॅगेत मात्र किंमतीचा रकाना कोरा असतो, हे मला गेल्या वर्षी उज्जैनला जाताना नीट कळलं.

माझी आजी, म्हणजे बाबांची आई, मूळची उज्जैनची. बेंगळूरुत आमच्याकडे पंधरा वर्षं राहिली, पण नदी म्हटलं की ती फक्त क्षिप्रेबद्दल बोलायची. एक्याण्णव वर्षांची होऊन गेल्या श्रावणात गेली. अस्थिविसर्जन आम्ही श्रीरंगपट्टणला पश्चिमवाहिनीवर केलं, इथली बरीच मंडळी तिथंच जातात. पण थोड्या अस्थी राखून ठेवल्या होत्या. "मला थोडी तरी रामघाटावर न्या" असं ती अनेकदा बोलली होती. घरात अस्थी ठेवत नाहीत, म्हणून ओळखीच्यांच्या मळ्यात झाडाला कापडात बांधून ठेवल्या. कार्तिकात बाबांना जरा उसंत मिळाली तेव्हा जायचं ठरलं. बाबा, आत्या आणि मी. दोन रात्रींचा प्रवास.

तिकिटं काढताना मी सरळ म्हटलं, एकाच्या तिकिटावर पंधरा किलोंची बॅग घेऊ, म्हणजे डोक्याला ताप नाही. बाबा म्हणाले, "दोन रात्रींना तीन माणसं. त्याला खाली टाकायची बॅग कशाला? आणि ती तिथं वेळेवर आली नाही तर? घाटावर मी शर्ट-पँटवर बसू?" त्यांच्या मुद्द्यात दम होता. अस्थी तर हातातच न्यायच्या होत्या, त्यावर कुणाचंच दुमत नव्हतं. आत्या म्हणाली, "आई आयुष्यात कधी एकटी प्रवासाला गेली नाही. आता तिला सामानाच्या पट्ट्यावर सोडायचं?" झालं. फक्त केबिन बॅगवाली तिकिटं निघाली. तीन माणसं, तीन बॅगा, एकवीस किलो.

मी रीतसर एक्सेल शीट केली. वस्तू, वजन, कुणाच्या बॅगेत. पहिला धक्का बॅगेनंच दिला. चाकं आणि दांडा असलेली आमची कडक ट्रॉली रिकामीच 2 किलो 800 ग्रॅम भरली. म्हणजे सातातले जवळजवळ तीन किलो नुसत्या डब्याचे! सॉफ्टवेअरच्या भाषेत याला ओव्हरहेड म्हणतात. माळ्यावरून कापडी पिशव्या काढल्या, त्या साडेपाचशे ग्रॅमच्या आत. एका झटक्यात प्रत्येकाला सव्वादोन किलो मोकळे.

मग अस्थी. याबद्दल मी आधी विमान कंपनीचे नियम वाचून घेतले होते. अस्थी हातातल्या सामानात नेता येतात, मात्र मृत्यूचा दाखला आणि अंत्यसंस्काराची पावती यांच्या प्रती जवळ लागतात. आणि भांडं असं हवं की सुरक्षा तपासणीच्या यंत्राला आतलं दिसेल. तांब्या-पितळेच्या जाड भांड्यातून एक्स-रेला आतलं नीट दिसत नाही, मग भांडं उघडून दाखवायची वेळ येऊ शकते. चारचौघांत ते कुणालाच नको असतं. म्हणून पुरचुंडी लाल कापडात बांधून लाकडी डबीत ठेवली. सगळं मिळून 410 ग्रॅम.

इथं आत्यानं तांब्या पुढे केला.

हा आजीचा तांब्याचा तांब्या. लग्नात उज्जैनहून तिच्याबरोबर आलेला, जाड बुडाचा, पोटाला एका बाजूनं किंचित पोचा. वजन 740 ग्रॅम. आत्याचं म्हणणं, अस्थी यातून न्यायच्या नाहीत हे ठीक, पण तांब्या घाटावर आला पाहिजे. मी म्हटलं, "आत्या, घाटावर सगळं मिळतं. तांब्याही मिळेल. शीटमध्ये बघ, एवढ्या वजनात बाबांचं स्वेटर आणि बीपीचं मशीन दोन्ही येतं." ती काही बोलली नाही. तांब्या उलटा करून तिनं माझ्यासमोर धरला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं. आपल्याकडे भांड्यांवर घालायचे ना, तसं. ते नाव मी कधी ऐकलेलंच नव्हतं.

"हे आईचं माहेरचं नाव," आत्या म्हणाली. "लग्नात बदललं. घरात कुठल्याही कागदावर तुला हे सापडणार नाही. रेशनकार्डावर नाही, बँकेत नाही, तू आणलेल्या त्या मृत्यूच्या दाखल्यावरही नाही. एवढ्या तांब्यावर आहे."

मी फोटो काढून घेऊया म्हणणार होतो, कारण फोटोला वजन नसतं. पण बाबा आधीच उठले होते. त्यांनी स्वतःच्या बॅगेतून स्वेटर काढून अंगात घातलं आणि बीपीचं मशीन कपाटात परत ठेवलं. वजनाचा रकाना बदलला नव्हता, किंमतीचा बदलला होता.

आता तुम्ही म्हणाल, एवढं नियोजन म्हटल्यावर गेटवर काही झालंच नसेल. झालं. घरच्या काट्यावर तिन्ही बॅगा सातच्या आत होत्या. गेटपाशी काटा ठेवलेला, रांगेतल्या प्रत्येकाची बॅग त्यावर चढत होती. माझी 6.7. बाबांची, डबी असलेली, 6.2. आत्याची 7.6. काट्यामागच्या मुलीनं अगदी नम्रपणे सांगितलं, सहाशे ग्रॅम कमी करा, नाहीतर पैसे भरा. बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं छताकडे पाहिलं. मग तिनं बॅगेतून स्टीलचा डबा काढला. निघायच्या तासभर आधी, मी टॅक्सी बोलावत असताना, तिनं बेसनाचे बारा लाडू आत सरकवले होते. इंदूरच्या नातेवाइकांकडे रिकाम्या हातानं कसं जायचं?

नॅपसॅकच्या भाषेत तांब्या झिरो-वन. न्यायचा तर अख्खा. लाडू मात्र फ्रॅक्शनल. आत्यानं तिथंच डबा उघडला. दोन लाडू बाबांना, दोन मला, मागच्या रांगेतल्या एका बाईच्या दोन मुलांना एकेक, त्या बाईला एक, पुढच्या काकांनी नको नको म्हणत दोन घेतले. काट्यामागच्या मुलीलाही तिनं एक देऊ केला. ती हसली, ड्यूटीवर चालत नाही म्हणाली. उरलेले आत्यानं कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकले. बायकांची हँडबॅग एका बॅगेच्या नियमात मोजत नाहीत, हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं. रिकामा डबा बाबांच्या बॅगेत गेला आणि काटा सातवर आला. विमानात बसल्यावर बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आईचं गोडाचं जेवण रांगेतच झालं." आणि बऱ्याच दिवसांनी ते दोघं भावंडं हसली.

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर उतरलं की उज्जैन रस्त्यानं साधारण पंचावन्न किलोमीटर. आमच्यासारख्या दक्षिणेत वाढलेल्या मुलांना प्रश्न पडतो, मराठी आजी इतक्या लांबची कशी? उत्तर शहरभर उभं आहे. अठराव्या शतकात माळवा मराठ्यांकडे आला आणि उज्जैन शिंद्यांच्या वाट्याला गेलं. आज ज्या महाकालेश्वराच्या दर्शनाला आपण रांग लावतो, त्या मंदिराचा जीर्णोद्धार राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी करवला. गावातलं मोठं गोपाळ मंदिर बायजाबाई शिंदे यांनी बांधवलं. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली, पण त्यांच्याबरोबर आलेल्या सगळ्यांनीच गाशा गुंडाळला नाही. कारकून, भटजी, शिलेदार, त्यांची कुटुंबं माळव्यात राहिली. आजीचं माहेर त्यांतलंच एक. तिची भाषा ऐकताना आम्हाला गंमत वाटायची. वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि लाडात आली की माळवीत संपायचं.

रामघाटावर आम्ही पहाटेच गेलो. वनवासात असताना रामानं इथं दशरथाचं श्राद्ध केलं अशी श्रद्धा आहे, त्यावरूनच घाटाचं नाव. लांबच लांब दगडी पायऱ्या, काठाला छोटी छोटी देवळं, थंडीत अंग चोरून बसलेले कबुतरांचे थवे, आणि समोरच्या काठावर दत्त आखाड्याचा घाट. दर बारा वर्षांनी सिंहस्थात इथं पाऊल ठेवायला जागा नसते. 2016 मध्ये झाला, आता 2028 मध्ये आहे. आम्ही गेलो त्या दिवशी मात्र फार गर्दी नव्हती. क्षिप्रा उत्तरेकडे वाहत जाऊन चंबळेला मिळते. आजी सांगायची ती नदी आता उन्हाळ्यात स्वतःच्या पाण्यावर तग धरत नाही. 2014 पासून नर्मदेचं पाणी पंपांनी उचलून तिच्या उगमाजवळ सोडतात. म्हणजे घाटावरच्या ओंजळीत नर्मदाही असते. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग दोन नद्या झाल्या. स्वस्तात पडलं."

घाटावर खरोखरच सगळं मिळतं, हे कुणी जाणार असेल तर लक्षात ठेवा. दर्भ, काळे तीळ, जव, पिंडांसाठी पीठ, फुलं, पत्रावळ, पंचा. पूजेचं साहित्य बांधून नेण्यात अर्थ नाही, आणि नेताही येत नाही. काडेपेटी आणि कापूर दोन्ही ज्वालाग्राही, ते विमानात चालत नाहीत.

आमचे तीर्थोपाध्याय सत्तरीच्या पुढचे होते. बसल्या बसल्या त्यांनी काय आणलंय ते विचारलं नाही. विचारलं ते असं: गोत्र कोणतं, मूळ गाव कोणतं, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव. या गावांतल्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वह्या असतात हे ऐकून होतो. लांबट पानांच्या, लाल कापडात बांधलेल्या. गावावरून, आडनावावरून त्यांना पान सापडतं. आमच्यासाठी त्यांनी मुलाला घरी पाठवून एक वही मागवली. तासाभरानं तो ती खांद्यावर घेऊन आला. माझ्या डोक्यातला काटा आपोआप हलला: ही एकटी वहीच सात किलोंच्या वर.

पान सापडलं. 1938 साली माझे पणजोबा इथं आले होते. नोंद मोडीत. बाबांना मोडी येत नाही, मला तर नाहीच. गुरुजींनी वाचून दाखवली. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं, गाव, गोत्र, येण्याचं कारण आईचं श्राद्ध. आणि शेवटी: सोबत कुटुंब, मुलगे दोन. खाली पणजोबांची सही. बाबांनी त्या सहीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. त्यांनी आपल्या आजोबांना पाहिलेलं नव्हतं. त्या दोन मुलग्यांतला धाकटा म्हणजे त्यांचे वडील.

आत्या मात्र दुसरीकडेच अडकली होती. "कुटुंब म्हणजे कोण?" तिनं विचारलं. गुरुजी म्हणाले, पत्नी. "आणि आईचं श्राद्ध लिहिलंय, त्या आईचं नाव?" ते नव्हतं. पान उलटलं, मागचंही पाहिलं. पाच पिढ्यांचे पुरुष ओळीनं उभे होते. बायका 'कुटुंब' आणि 'मातोश्री' एवढ्याच.

गुरुजी काही हट्टी नव्हते. म्हणाले, तेव्हाची पद्धत होती. आता तुम्ही सांगाल ते लिहितो. आत्यानं पिशवीतून तांब्या काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. "हे लिहा." त्यांनी चष्मा पुसला, तांब्या उजेडाकडे वळवला आणि ठिपक्यांतलं नाव मोठ्यानं वाचलं. मग सासरचं नाव, मग दोन्हीकडची आडनावं, माहेरचा पत्ता उज्जैन. आजी ज्या घाटाच्या गोष्टी सांगायची, तिथल्या वहीत तिचं लहानपणीचं नाव पहिल्यांदाच चढलं. पाठोपाठ बाबांचं, आईचं, आत्याचं स्वतःचं, माझं, बायकोचं. गुरुजींनी विचारलं, मुलगा? मी म्हटलं, मुलगी, चार वर्षांची. तिचंही लिहिलं. खाली आम्ही तिघांनी सह्या केल्या. आत्यानं सगळ्यात ठसठशीत केली.

विधी झाला तेव्हा पाणी घालायला तोच तांब्या होता. लाल कापडाची पुरचुंडी बाबांनी सोडली. पाणी संथ होतं, काही वेळ तिथंच रेंगाळल्यासारखं झालं आणि मग काही दिसेनासं झालं. लाकडी डबीही गुरुजींच्या सांगण्यावरून तिथंच ठेवली. आमचं सामान 410 ग्रॅमनं कमी झालं, असा एक विचार मनात येऊन गेला आणि तो मी कुणाला सांगितला नाही.

परतीचं सामान हा वेगळा अध्याय आहे. महाकालाच्या परिसरात पितळी त्रिशूळ, डमरू, मूर्ती बघून हात शिवशिवतात. फक्त केबिन बॅगेवर प्रवास करत असाल तर त्रिशुळाच्या वाटेला जाऊ नका. टोकदार वस्तू सुरक्षा तपासणीत अडकते. पूजेचा नारळही जपून. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असल्यामुळे ते लवकर पेटतं, म्हणून विमानात त्यावर बंधनं आहेत. शबरीमलाच्या यात्रेकरूंना 2024 च्या हंगामात हातातल्या सामानात नारळ नेता यावा म्हणून सरकारला खास परवानगी काढावी लागली होती, यावरूनच काय ते समजा. आम्ही नारळ घाटावरच फोडून वाटला. महाकालाच्या प्रसादाचे लाडू मात्र घेतले. आत्याचा रिकामा डबा अशा तऱ्हेनं कामी आला.

आणि क्षिप्रेचं पाणी. आत्याला तांब्याभर हवं होतं. उगाच तपासणीत हुज्जत नको म्हणून शंभर मिलिलीटरच्या दोन बाटल्या भरल्या. मला तेव्हा विष्णुभट गोडसे आठवले. 1857 मध्ये वरसईहून काकांबरोबर उत्तरेकडे निघालेले हे भटजी. महूजवळ त्यांना शिपायांच्या उठावाची कुणकुण लागली, पुढे झाशी पाहिली, लुटालूट सोसली, आणि परत येताना काशीहून गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन पायी घरी आले. त्या पाण्यानं आई-वडिलांना स्नान घातलं. 1907 मध्ये छापलेल्या त्यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकात हे सगळं आहे. त्यांच्या कावडीला सात किलोंची अट नव्हती, पण वाटेतल्या प्रत्येक कोसाला ती खांद्यावर मोजली गेली असणार. वाटेत पैसा गेला, कपडे गेले, कावड मात्र त्यांनी घरी आणलीच. किंमतीचा रकाना त्यांनी निघतानाच भरलेला होता.

परतीच्या विमानात आत्याची बॅग पाच किलो नव्वद ग्रॅम भरली. तांब्या आता तिच्याकडे देवघरात आहे.

आमच्या वयाच्या मंडळींवर अशी कामं हळूहळू येऊ लागली आहेत. तिकिटं काढणारे आपणच, आणि नियम वाचणारेही आपणच. म्हणून अनुभवातून चार गोष्टी सांगतो. चाकांची बॅग घरी ठेवा, कापडी घ्या. अस्थी न्यायच्या असतील तर दाखल्यांच्या दोन-दोन प्रती आणि लाकडाची किंवा तशाच हलक्या पदार्थाची डबी. निघण्याआधी आपल्या विमान कंपनीचा नियम एकदा वाचा. पॉवर बँक नेहमी हातातल्या सामानात, ती खाली टाकायच्या बॅगेत चालत नाही. ज्येष्ठांची औषधं आणि तिथं नेसायचं धोतर-उपरणं ज्याच्या त्याच्या हातातल्या बॅगेत. पूजेचं साहित्य तिथंच घ्या.

आणि एक काम प्रवास ठरायच्या आधीच करून ठेवा. गोत्र, मूळ गाव, कुलदैवत, चार पिढ्यांची नावं फोनमध्ये लिहून ठेवा, मोडतोड न करता. त्यात आजीचं, पणजीचं माहेरचं नाव आवर्जून असू द्या. कागदांवर सापडणार नाही. आजी असेल तर तिलाच विचारा. नसेल तर स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवरची जुनी भांडी उतरवा आणि काठाखाली बघा.